गोठ्यांतील दडपण आणि जनावरांचें घड्याळ

पहांटे कोंबडा आरवतो तो उजेड दिसला म्हणून, अशी आपणां सर्वांची जुनी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं 2013 सालीं कोंबड्यांस सतत मंद उजेडांत ठेवून पाहिलें, तेव्हां बाहेरची पहांट दिसत नसतांहि कोंबडे आपापल्या वेळीं आरवत राहिले, असें आढळलें. त्यांच्या शरीरांतच वेळ मोजणारें कांहीं साधन आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें 2015 सालीं त्याच संशोधकांनीं दुसरी एक गोष्ट प्रसिद्ध केली. एका ठिकाणीं अनेक कोंबडे असले तर पहिली बांग देण्याचा मान त्यांच्यांतील वरिष्ठाचा असतो. बाकीचे आपल्या दर्जाच्या उतरत्या क्रमानें त्याच्या मागून आरवतात. वरिष्ठास तेथून हलविलें तर हा मान दुसऱ्याकडे जातो. खालच्या कोंबड्याचें घड्याळ बिघडलेलें नसतें. त्यास वेळ कळत असते, पण वरच्याच्या आधीं तोंड उघडण्याची त्याची छाती होत नाहीं.

या लहानशा गोष्टींत दोन मोठे सिद्धांत सांठविलेले आहेत. पहिला हा कीं, प्रत्येक प्राण्याच्या शरीरांत दिवसरात्रीचा ठराविक क्रम उपजतच असतो. दुसरा हा कीं, तो क्रम प्रत्यक्ष वागण्यांत कसा उतरतो हें पुष्कळ अंशीं त्या प्राण्याच्या कळपांतील स्थानावर अवलंबून असतें. कोंबड्याच्या बांगेपुरतें पाहिलें तर ही एक मौज आहे. परंतु हाच प्रकार दुभत्या जनावरांच्या गोठ्यांत घडूं लागला म्हणजे तो मौजेचा रहात नाहीं. तेथें त्याचा संबंध दुधाशीं, आरोग्याशीं आणि सरते शेवटीं शेतकऱ्याच्या पदरांत पडणाऱ्या पैशाशीं येतो. या विषयाकडे आपल्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. सबब त्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें घड्याळ म्हणजे काय तें पाहूं. प्राण्याच्या मेंदूच्या तळाशीं, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या सांध्यावर, पेशींचे दोन बारीक पुंजके असतात. ते काढून टाकले तर उंदरांचा दिवसरात्रीचा क्रम नाहींसा होतो, असें 1972 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. हें मुख्य घड्याळ उजेडावरून रोज जुळवून घेतलें जातें. याशिवाय यकृत, मूत्रपिंड, हृदय इत्यादि प्रत्येक अवयवांत लहान लहान घड्याळें असतात. पेशींतील हीं घड्याळें कशीं चालतात याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस 2017 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. शरीराचें तापमान केव्हां चढावें, भूक केव्हां लागावी, झोंप केव्हां यावी, कोणता रस रक्तांत केव्हां सुटावा, या सर्वांचें वेळापत्रक हीं घड्याळें ठरवितात. निरोगी प्राण्यांत तीं सर्व एकमेकांशीं मिळून चालतात.

घड्याळ जुळविण्यास नेहमीं उजेडच लागतो असेंहि नाहीं. आपल्याच देशांत मदुराई येथील कामराज विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं अंधाऱ्या गुहेंत राहणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास करून 1981 सालीं दाखवून दिलें कीं, गुहेंत कोंडून ठेवलेलें वटवाघूळ बाहेरचा उजेड कधींहि दिसत नसतां मोकळ्या सोबत्यांच्या जाण्यायेण्यावरून आपला दिनक्रम जुळवून घेतें. म्हणजे सोबत ही नुसती सोबत नव्हे. तीहि वेळ सांगत असते. सोबतीचा असा चांगला परिणाम होऊं शकतो, तर वाईटहि होणारच. आतां त्याकडे वळूं.

कळप म्हटला कीं त्यांत वरचा व खालचा असा क्रम आलाच. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ शेल्डेरूप-एब्बे यानें कोंबड्यांत हा क्रम शोधून 1922 सालीं प्रसिद्ध केला. कोणी कोणास टोंचावें व कोणी निमूटपणें सोसावें हें त्यांच्यांत ठरलेलें असतें. गाईम्हशींतहि असा क्रम असतो, हें तर प्रत्येक गुराख्यास ठाऊक आहे. पाण्यावर पहिली कोण जाते, गव्हाणीशीं कोणाची वाट सोडली जाते, आणि कोणाच्या नुसत्या मान वळविण्यानें दुसरी बाजूस सरते, हें पाहिलें कीं सर्व उलगडा होतो. हा क्रम स्वतः वाईट नाहीं, हें येथें सांगून ठेवणें अवश्य आहे. उलट, तो एकदां बसला म्हणजे मारामाऱ्या थांबतात. प्रत्येकीस आपली जागा कळते आणि कळप शांत होतो. कुरणांत चरणाऱ्या दुबळ्या गाईस वरच्या गाईचा त्रास वाटला तर ती चार पावलें बाजूस होते. तेथें गवत असतें, जागा असते, सुटका असते. अपाय होतो तो बाजूस व्हावयास जागाच नसली म्हणजे. ज्या दडपणांतून सुटका नाहीं आणि जें रोजच्या रोज सोसावें लागतें, तेंच शरीरांत मुरतें.

हें दडपण मारानेंच येतें असें नाहीं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन होल्स्ट यानें तुपाया नांवाच्या खारीएवढ्या प्राण्यांवर केलेले प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारे आहेत. एका झुंजींत हरलेल्या तुपायास जिंकणाऱ्यापासून जाळीनें वेगळें ठेवलें. त्यानंतर एकहि चावा बसला नाहीं. फक्त जेता सतत नजरेसमोर होता. तरीहि हरलेला प्राणी कोपऱ्यांत आकसून बसे आणि थोड्याच दिवसांत मरून जाई. मृत्यूचें कारण मूत्रपिंडें निकामी होणें हें होतें, असें त्यानें 1972 सालीं प्रसिद्ध केलें. शिंग लागलें नाहीं, रक्त आलें नाहीं, सबब जनावरास त्रास नाहीं, असें समजणें किती चुकीचें आहे तें यावरून दिसेल.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. अशा दडपणाचा शरीराच्या घड्याळावर काय परिणाम होतो? हॉलंडांतील ग्रोनिंगेन विद्यापीठांत यासंबंधीं उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर बारकाईनें प्रयोग झाले. एका नरास दुसऱ्या आडदांड नराच्या पिंजऱ्यांत थोडा वेळ सोडून हरूं दिलें आणि मग आपल्या जागीं परत ठेवलें. त्याच्या पोटांत बसविलेल्या लहानशा यंत्रानें शरीराचें तापमान व हालचाल यांची सतत नोंद होत होती. एरवीं या नोंदीची रेषा दिवसरात्रीप्रमाणें स्पष्ट चढते व उतरते. हार झाल्यानंतर ती कित्येक दिवस सपाट झाली. जागेपणाच्या वेळीं पुरती जाग नाहीं आणि विसाव्याच्या वेळीं पुरता विसावा नाहीं, अशी त्या जनावराची अवस्था झाली. परंतु 1997 सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधाचा खरा महत्त्वाचा भाग पुढेंच आहे. मेंदूंतील मुख्य घड्याळ तपासलें तेव्हां तें जसेंच्या तसें, अचूक चालत होतें! घड्याळ बिघडलेलें नव्हतें. त्याचा हुकूम शरीरांत नीट पाळला जात नव्हता.

असें कां व्हावें, याचाहि कांहींसा उलगडा झाला आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींतून एक रस रक्तांत सुटतो. तो रोज ठराविक वेळीं वाढतो व ठराविक वेळीं ओसरतो. दिवसां वावरणाऱ्या प्राण्यांत त्याची भरती पहांटेच्या सुमारास येते. अवयवांतील लहान घड्याळें जुळवून घेण्याचें एक साधन म्हणजे हाच रस होय, असें 2000 सालीं उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध झालें. पण हाच रस भीतीच्या व त्रासाच्या वेळींहि सुटतो. म्हणजे जो घंटानाद दिवसांतून एकदां व्हावयाचा, तो भलत्या वेळीं वारंवार होऊं लागला तर अवयवांनीं वेळ ओळखावी कशी? टोकियोच्या वासेदा विद्यापीठांतील संशोधकांनीं 2015 सालीं असेंच दाखविलें कीं, त्रासामुळें उंदरांच्या यकृत व मूत्रपिंड यांतील घड्याळें पुढेंमागें सरकतात, मेंदूंतील घड्याळ मात्र जागचें हालत नाहीं. खाण्याची वेळ बदलली तरीहि यकृताचें घड्याळ मेंदूपासून तुटून वेगळें चालूं लागतें, हेंहि 2000 सालींच कळून आलें होतें. एका घरांत दोन कारभारी आणि दोघांच्या वेळा वेगळ्या, अशी ही स्थिति होय.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. गाय म्हणजे उंदीर नव्हे, हें आम्ही जाणतों. उंदीर रात्रीं वावरतो, गाय दिवसां चरते. गाईच्या रक्तांतील त्या रसाची रोजची भरतीओहोटीहि इतर प्राण्यांइतकी ठळक नसते. तथापि गाईचाहि दिनक्रम ठरलेला आहे आणि तो पाहावयास यंत्र लागत नाहीं. मोकळ्या कुरणांत गाय मुख्यतः सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास चरते. दिवसरात्र मिळून ती दहा ते चौदा तास बसून काढते. सुमारें सात-आठ तास रवंथ करते आणि त्यांतील मोठा भाग रात्रीं, बसल्या बसल्या होतो. बसण्याची गरज इतकी प्रबळ आहे कीं, बसणें व खाणें दोन्ही तोडलेल्या गाईस संधि मिळाली तर ती आधीं बसून घेते. आतां हा क्रम गर्दीच्या गोठ्यांत कसा मोडतो तें पाहा.

वैरण पडते तेव्हां सर्व गाई एकाच वेळीं गव्हाणीवर येतात, कारण सर्वांची भुकेची वेळ एकच असते. जागा अपुरी असली तर दुबळी गाय मागें उभी राहते. वरच्या गाई खाऊन बाजूस झाल्या म्हणजे ती पुढें होते. तोंवर कुट्टीतील चांगला पाला संपलेला असतो व बुडखे उरलेले असतात. ‘‘काय बिघडलें? उरलेलें ती रात्रीं खाईल,’’ असें समाधान पुष्कळ लोक मानतात. परंतु रात्र ही तिची खाण्याची वेळ नव्हे. ती बसून रवंथ करण्याची वेळ आहे. ती रात्रीं उभी राहून खाते, आणि बसावयास जाते तों कोरडी जागा दुसरीनें अडविलेली असते. मग ती ओल्यांत उभी राहते. गर्दीच्या गोठ्यांत खालच्या दर्जाच्या गाईंचें बसणें तुटतें व तें विशेषतः रात्रीचें तुटतें, असें युरोपांतील निरीक्षणांत दिसून आलें आहे. कॅनडांत 2007 सालीं झालेल्या प्रयोगांत, जितक्या गाई तितक्या बसण्याच्या जागा असतां गाई दिवसाकाठीं सुमारें 13 तास बसत. दोन जागांमागें तीन गाई केल्या तेव्हां तें प्रमाण सुमारें 11 तासांवर आलें. ही सरासरी झाली. वरच्या गाईनें आपली झोंप सोडलेली नसते. सरासरींतील तूट मुख्यतः खालच्या गाईच्या खात्यावर पडते.

दुधाचेंहि तसेंच आहे. पान्हा हा दांडगाईनें येत नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें ईली व पीटरसन या दोघांनीं 1941 सालीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवून व कागदी पिशव्या फोडून तिला दचकविलें, तेव्हां कास भरलेली असतांहि दूध उतरेना. भीतीनें रक्तांत सुटणारा रस पान्ह्याच्या रसास अडवितो, हें त्यांनीं सिद्ध केलें. कॅनडांतील दुसऱ्या एका प्रयोगांत 2008 सालीं, एकेका गाईस अनोळखी कळपांत घातलें त्या दिवशीं तिचें दूध सरासरी साडेतीन किलोहून अधिक घटलें. ही घट ज्या गाई दिवसास चाळीस किलोंवर दूध देतात त्यांतील आहे. आपल्या गोठ्यांत आंकडा लहान असेल, पण कारण तेंच आहे. बाजारांतून नवी गाय आणली कीं दूध उतरतें, तेव्हां विकणाऱ्यानें फसविलें अशी आपली ओरड असते. पुष्कळ वेळां फसविणारा व्यापारी नसून नव्या गाईस पहिल्याच संध्याकाळीं जुन्या कळपांत लोटणारे आपणच असतों.

कोंबडीपालन करणाऱ्यांसहि हा धडा लागू आहे. शिकागो विद्यापीठांतील गुल व ॲली यांनीं 1944 सालीं कोंबड्यांचे दोन प्रकारचे कळप ठेवले. एकांत तींच तीं पक्षी कायम ठेवलीं. दुसऱ्यांत वारंवार अदलाबदल केली. अदलाबदलीच्या कळपांत टोंचाटोंची अधिक झाली, खाणें कमी झालें व अंडींहि कमी मिळालीं. अंडें तयार होण्याचा फेरा साधारण पंचवीस-सव्वीस तासांचा असतो व त्याची सूत्रें अंधाराच्या वेळेशीं बांधलेलीं असतात. घाबरलेली कोंबडी तयार अंडें वेळेवर घालीत नाहीं, पोटांत धरून ठेवते. मग त्याच्या कवचावर चुन्याची जास्तीची भुकटी बसते. तांबूस कवचाच्या अंड्यांवर असा पांढुरका थर वरचेवर दिसूं लागला तर खाद्याची गोणी बदलण्यापूर्वीं खुराड्यांत कोण कोणास छळतें तें पाहावें, अशी आमची सूचना आहे.

येथवर वाचून कांहीं वाचक म्हणतील कीं, जनावरें दावणीस बांधून टाकलीं म्हणजे हा प्रश्नच मिटला. दावणीचा एक गुण आम्हांस मान्य आहे: प्रत्येक जनावरास आपली वैरण आपल्यापुढें मिळते. पण दुबळीच्या शेजारीं मारकी गाय बांधली असेल तर तो गुण दोषांत बदलतो, कारण मोकळी गाय निदान पळूं शकते, बांधलेलीस तेंहि शक्य नाहीं. तुपायाची गोष्ट येथें आठवावी. दुसऱ्या बाजूस, अलीकडे आपल्याकडे मुक्तसंचार गोठ्याची मोठी वाखाणणी होते. ती पद्धति चांगली आहे. जनावरास फिरावयास, खाजवावयास व हवें तेव्हां पाणी प्यावयास मिळतें. परंतु मुक्तसंचाराचा अर्थ नुसतीं दावीं सोडणें असा नव्हे. गाईस छपराखालीं साडेतीन व मोकळी सात चौरस मीटर, आणि म्हशीस अनुक्रमें चार व आठ चौरस मीटर, अशी जागा धरावी असें आपल्या देशांतील मान्य प्रमाण आहे. दहा जनावरांच्या जागेंत पंधरा कोंबून वर मुक्तसंचाराची पाटी लावली तर मुक्ति बलवानांची होते आणि दुबळ्यांचा तुरुंग अधिक घट्ट होतो. असा गोठा बांधण्यापेक्षां नीट लावलेली दावण बरी, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

दुसरा आक्षेप याहून व्यवहारी दिसतो. दुबळें जनावर विकून टाकावें, म्हणजे झालें! हा हिशेब आम्हांस मुळींच पटत नाहीं. क्रमाच्या तळाशीं कोणीतरी असणारच. तळची गाय विकली कीं तिच्यावरची तळास येते, आणि पुढील वर्षीं तिचेंहि दूध कां घटलें म्हणून आपण वैद्यास बोलावतों. दोष जनावराचा नसून जागेचा असतां जनावर बदलणें म्हणजे गळक्या छपराखालचें भांडें बदलणें होय. शिवाय तळास कोण असतें याचा विचार करावा. पुष्कळदां ती पहिलारू असते, वयानें व अंगानें लहान असते. म्हणजे जिच्यावर पुढील सहा-सात वेतांची आशा ठेवावयाची, तिलाच आपण पहिल्या वेतांत खच्ची करतों आणि मग तिची जात वाईट म्हणून कपाळास हात लावतों.

खर्चाचा प्रश्न काढण्याचें कारण नाहीं. यांतील बहुतेक उपाय पैशाचे नसून लक्ष घालण्याचे आहेत. प्रत्येक मोठ्या जनावरामागें गव्हाणीची दोन ते अडीच फूट लांबी असावी, म्हणजे सर्वांस एकाच वेळीं खातां येईल. पाण्याचा हौद एकच व तोहि कोपऱ्यांत असूं नये. दुसरें लहानसें डोण समोरच्या बाजूस ठेवावें, म्हणजे एकाच जनावरास दोन्ही अडवितां येणार नाहींत. गोठ्यांत बंद टोंकाची बोळ ठेवूं नये. मागें सरणाऱ्या जनावरास वाट असावी. मारकी व दुबळी यांस शेजारीं बांधूं नये; मध्यें शांत स्वभावाचें जनावर घालावें. नवें जनावर आणल्यास कांहीं दिवस कुंपणाआड, पण दृष्टीसमोर ठेवावें आणि मग सकाळच्या वेळीं, मोकळ्या जागेंत मिसळूं द्यावें. शक्य तर दोन कालवडी एकदम मिसळाव्या. एकटीपेक्षां जोडीस त्रास कमी होतो. विनाकारण गट फोडूं नयेत. वैरण व धार यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्या आणि रात्रींचे तास शांत, अंधारे व कोरडे राहूं द्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रात्रींची पाहणी. आपण गोठा पाहतों तो धारेच्या वेळीं. त्या वेळीं सर्व जनावरें उभीं असतात व सर्व सारखींच दिसतात. खरी परीक्षा मध्यरात्रीनंतर होते. लागोपाठ तीन रात्रीं, सर्व निजानीज झाल्यावर, आवाज न करतां व झगझगीत दिवा न लावतां गोठ्यांत जावें. कोण बसली आहे, कोण रवंथ करते आहे, आणि कोण एकटी उभी आहे हें पाहून वहींत टिपावें. तीन्ही रात्रीं तीच गाय उभी सांपडली तर तिचें पाय, खूर व कास आधीं तपासून घ्यावीं. कारण दिनक्रम मोडणें हें आजाराचेंहि चिन्ह असूं शकतें. फ्रान्समधील संशोधकांनीं 2017 सालीं दाखविलें आहे कीं, कासेचा दाह किंवा लंगडेपणा गुराख्याच्या ध्यानीं येण्यापूर्वींच गाईच्या हालचालीचा रोजचा चढउतार बदलूं लागतो. आजार नसेल तर तिच्यावर कोणाचें दडपण आहे तें शोधावें. यास ना यंत्र लागतें, ना औषध.

आमच्या मतें येथें सहकारी दूधसंस्थांचेंहि कांहीं कर्तव्य आहे. जनावरें विकत घेण्यास पैसा मिळवून देतांना संस्था जनावराची जात, वेत व दूध पाहतात. घेणाऱ्याच्या गव्हाणीची लांबी व बसण्याची कोरडी जागाहि मोजावी आणि ती नव्या जनावरास पुरत नसेल तर आधीं गोठा वाढविण्यास साहाय्य द्यावें. पांच जनावरांच्या जागेंत सातवें जनावर घातल्यानें दूध सातपट होत नाहीं, कर्ज मात्र सातपट होतें. संस्थेच्या पशुवैद्यांनीं गोठ्यास भेट दिल्यावर सर्वांत जास्त दूध देणाऱ्या गाईबरोबरच सर्वांत खालच्या गाईचीहि चौकशी करावी. पहिलीवरून मालकाची ऐपत कळेल. दुसरीवरून गोठ्याची व्यवस्था कळेल.

या सर्व विवेचनांत एक आशेची गोष्ट आहे, तिचा येथें पुनः उल्लेख करणें योग्य होईल. दडपणाखालील जनावराच्या मेंदूंतील घड्याळ मोडत नाहीं; तें आंतल्या आंत बरोबर चालतच असतें. केव्हां खावें, केव्हां बसावें, केव्हां रवंथ करावें हें त्या गाईस ठाऊक असतें. तिला तें करूं दिलें जात नाहीं, एवढेंच. सबब आपणांस तिला नवें कांहीं शिकवावयाचें नाहीं. तिच्या वाटेंतील अडथळा दूर करावयाचा आहे. पेंड, सरकी व औषधें यांवर दरसाल जो खर्च होतो, त्यांतील पुष्कळसा भाग रात्रभर उभ्या राहिलेल्या गाईच्या पोटांत जाऊन वायां जातो. तो वांचविण्यासाठीं चार फूट गव्हाण वाढविणें व तीन रात्रीं जागणें हा सौदा महाग नव्हे. आमच्या शेतकरी बंधूंनीं हा प्रयोग आपापल्या गोठ्यांत करून पाहावा व त्याचे आंकडे आम्हांकडे जरूर पाठवावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.